नव्या संसर्ग नियंत्रण सिस्टरसाठी : आपत्तीची तयारी पाण्याच्या टाकीपासून

मराठवाड्यातल्या एखाद्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका, म्हणजे आयसीएन, म्हणून तुमच्या नावाचा आदेश निघाला की सोबत एक जाडजूड फाईल हातात पडते. हात धुण्याच्या पायऱ्या, कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, ऑडिटचे तक्ते. या फाईलच्या तळाशी 'आपत्ती व्यवस्थापन आराखडा' नावाची दोन-चार पानं असतात. ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या रुग्णालयाच्या फाईलमधून उतरवलेली. किनारपट्टीवरच्या चक्रीवादळाच्या सूचना मी अशाच एका आराखड्यात वाचल्या आहेत, आणि ते रुग्णालय बालाघाटाच्या डोंगराला लागून होतं.

तो आराखडा बाजूला ठेवा. आपत्तीत रुग्णालयातला संसर्ग वाढतो तो बहुधा एखाद्या अनोळखी जंतूमुळे नाही. पाणी संपतं किंवा गढूळ येतं, कचऱ्याची गाडी येत नाही, आणि रात्रपाळीतल्या माणसाला स्टोअरची किल्ली कुणाकडे आहे ते ठाऊक नसतं. प्रशिक्षण द्यायचं ते या तीन गोष्टींचं. बाकीचं त्याच्या मागून.

आधी आपल्या तालुक्याचा इतिहास

पहिल्या आठवड्यात एकच काम करा. रुग्णालयातल्या सगळ्यात जुन्या मामांना आणि मावशींना घेऊन चहाला बसा आणि विचारा, इथं काय काय होऊन गेलंय? पाणी कुठपर्यंत आलं होतं, कोणता रस्ता तुटतो, कुठल्या वर्षी टँकर लागले, गॅस्ट्रोचे पेशंट कुठल्या गावातून आले. कागदावर नसलेलं बरंच काही त्यांच्याकडून कळतं.

ढोबळ चित्र तर आपल्याला माहीतच आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नेमकं उलटं झालं. सीना, मांजरा, गोदावरी पात्राबाहेर आल्या, धाराशिवच्या परांडा-भूम भागात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली. ज्या जिल्ह्यांची ओळख दुष्काळाची, तिथे शाळांमधून पूरग्रस्तांच्या छावण्या उभ्या राहिल्या.

त्यात तुमच्या गावची भर घाला. तुळजापूर असेल तर नवरात्राची गर्दी, पैठण असेल तर नाथषष्ठी, नांदेड असेल तर होला मोहल्ला. गर्दी ही आपत्ती नव्हे, पण तिची तारीख आधी कळते. त्यामुळे सरावाला यापेक्षा चांगली संधी मिळत नाही.

टंचाईला मात्र कुणी आपत्ती म्हणत नाही. सायरन वाजत नाही, मंत्री येत नाहीत. नळाला पाणी आठ दिवसांआड येऊ लागतं, मावशी फरशी एकाच बादलीत उरकतात, बेसिनपाशी हात धुणं कमी होतं आणि महिन्याभराने बाळंतिणींच्या टाक्यांना पू दिसायला लागतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या आयसीएनची खरी परीक्षा इथेच असते. म्हणून पुढची पायरी पाण्याची.

पाण्याचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेचं माप सोपं आहे : भरती रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर, ओपीडीतल्या रुग्णामागे ५ लिटर, प्रत्येक शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला १०० लिटर. ५० खाटांचं रुग्णालय, रोज २०० ची ओपीडी आणि ५ बाळंतपणं धरली तर २,५०० अधिक १,००० अधिक ५००, म्हणजे दिवसाला चार हजार लिटर. तीन दिवस बाहेरून काहीच आलं नाही तर बारा हजार. डायलिसिस युनिट असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडा, कारण एका सत्रालाच शंभरच्या वर लिटर शुद्ध पाणी लागतं.

आता गच्चीवर जाऊन टाक्या मोजा. कागदावरच्या नव्हे, चालू असलेल्या. झाकण आहे का, तोटी गळते का, आणि लाईट गेली तर पाणी वर चढवणारी मोटर जनरेटरवर जोडलेली आहे का? बऱ्याच ठिकाणी जनरेटर ऑपरेशन थिएटर आणि लेबर रूमला दिलेला असतो आणि पाण्याची मोटर राहून गेलेली असते. हे दिसलं तर वैद्यकीय अधीक्षकांना तोंडी सांगू नका, लेखी द्या. संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते यायला हवं, म्हणजे पुढे बांधकाम विभागाकडे पत्र जातं.

पाणी कमी पडलं तर सगळीकडे सारखी कपात करू नका. आधी बाग, गाड्या आणि अंगण बंद करा. लेबर रूम, ऑपरेशन थिएटर, ड्रेसिंग आणि नवजात शिशू कक्षाच्या पाण्याला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. हात वरवर स्वच्छ असतील तिथे सॅनिटायझर चालतो, २० ते ३० सेकंद चोळून. हाताला रक्त-माती दिसत असेल किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर साबण-पाणीच हवं. त्यासाठी तोटीची टाकी आणि खाली बादली प्रत्येक वॉर्डच्या दारात ठेवली की नळ कोरडा पडला तरी काम अडत नाही.

टीसीएल हाताने शिकवा

ब्लीचिंग पावडरला आपल्याकडे सगळे टीसीएलच म्हणतात. गावोगावी ग्रामपंचायतीच्या गोदामात तिची पोती पडलेली असतात, आणि पुरात-साथीत तुमचं निम्मं काम तिच्याच भरवशावर चालतं. म्हणून तिचं प्रशिक्षण चित्रं दाखवून होत नाही. बादली, वजनकाटा आणि पावडर घेऊन बसावं लागतं.

ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उन्हाने, ओलीने आणि उघड्या पोत्याने तो उडून जातो, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हटल्यावर पत्र्याच्या शेडमधल्या पोत्याचं काय होत असेल ते सांगायला नको. पावडर सावलीत, कोरड्या जागी, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख टाका.

रक्त सांडलं, ओकारी-जुलाब फरशीवर गेले तर १ टक्क्याचं द्रावण : एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी पावडर. ढवळून गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ वापरा. बाजारातलं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराईट असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. सांडलेल्यावर आधी कागद किंवा जुनं कापड टाकायचं, वरून द्रावण ओतायचं, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. रोज ताजं बनवायचं. स्टीलच्या अवजारांना ते लावायचं नाही, ती गंजतात. आणि संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू निघतो. हे शेवटचं वाक्य प्रत्येक मावशीकडून परत म्हणवून घ्या. बंद मोरीत दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायची सवय फार जुनी आहे.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट निराळी. स्वच्छ दिसणाऱ्या हजार लिटर पाण्याला चांगली पावडर सुमारे अडीच ग्रॅम पुरते. पुराचं गढूळ पाणी किंवा अनोळखी विहिरीवरून आलेला टँकर असेल तर अंदाजाने टाकू नका, पावडर किती लागेल ते मोजायची हॉरॉक्सची पेटी काढा. ती बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत असते, आरोग्य सहाय्यकांकडे विचारा. काळ्या कपात २ ग्रॅम पावडरचं द्रावण करायचं. सहा पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी भरायचं. पहिल्या कपात द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहाव्यात सहा. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात सूचक द्रावणाचे तीन थेंब. पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग ज्या कपात येईल त्याचा क्रमांक गुणिले २, तितके ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम. ५,००० लिटरच्या टाकीला मग साधारण ६६ ग्रॅम.

टाकीत टाकल्यावर अर्धा ते एक तास थांबून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन मोजणं) घ्या. आपत्तीच्या काळात मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम मिळायला हवा. नमुना टाकीतून घेऊ नका, सगळ्यात लांबच्या वॉर्डच्या नळातून घ्या. ओटीचे थेंब पडले की पिवळा रंग लगेच, पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. एका सरावात एक मावशी नळी उजेडाकडे धरून म्हणाल्या, "सिस्टर, हे तर फिक्कंच दिसायलंय." बरोबर होतं त्यांचं. टाकीजवळच्या नळाला रंग चांगला येत होता, प्रसूती कक्षाच्या नळाला जवळजवळ नाहीच. मधली पाईपलाईन गटाराला लागून गेलेली होती. त्या दिवसापासून तिथली ओटी टेस्ट त्या मावशीच घेतात आणि वहीत आकडा लिहून सही करतात. काम असंच वाटून द्यायचं असतं.

शिकवायचं कुणाला, कसं

प्रशिक्षण म्हटलं की हॉल, प्रोजेक्टर, चहा-बिस्किट आणि हजेरीचा कागद. त्या हॉलमध्ये येतात ते दिवसपाळीचे लोक. किल्लारीची वेळ आठवा, पहाटेची होती. तेव्हा रुग्णालयात असतात एक डॉक्टर, दोन-तीन सिस्टर-ब्रदर, एक मामा, एक मावशी आणि गेटवरचा सुरक्षारक्षक. प्रशिक्षण त्यांना हवं. पाळी बदलताना वीस मिनिटं घ्या, एका वेळी एकच विषय, आणि तो वॉर्डातच. पीपीई, म्हणजे गाऊन-मास्क-हातमोज्यांचा संच, घालायला कुणालाही येतं, चुकतं ते काढताना. म्हणून काढण्याचा सराव जास्त द्या. हातमोज्यांना पाण्यात कालवलेला कुंकवाचा रंग लावा आणि सगळं काढून झाल्यावर रंग कुठे कुठे लागलाय ते त्यांचं त्यांनाच बघू द्या. मनगटावर आणि मानेवर हमखास सापडतो.

कंत्राटी सफाई कामगारांना वगळू नका. ढिगारा, चिखल आणि फुटलेल्या काचा तेच उचलतात. त्यांचे हिपॅटायटीस बी चे तीन डोस (पहिला, महिन्याने, सहा महिन्यांनी) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का, याची यादी आपत्तीच्या आधीच तयार हवी. सुई टोचली तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. रात्री ती कुठल्या कपाटात असतात ते भिंतीवर लिहा.

कचरा आणि निर्जंतुकीकरण

इथे नियम स्पष्ट आहेत, त्यामुळे थोडक्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पूल तुटला आणि गाडी आलीच नाही, तर तो का ठेवावा लागतोय आणि संसर्ग पसरू नये म्हणून काय केलंय, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवायचं. कचऱ्याची खोली पुराच्या जुन्या खुणेच्या वर, कुलूपबंद, कुत्री-डुकरं न पोचणारी हवी. पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या पिशव्या-डब्यांचा महिनाभराचा जादा साठा वरच्या मजल्यावर ठेवा. आपत्तीत सगळं एकाच पिशवीत जातं, कारण बाकीच्या संपलेल्या असतात.

ऑटोक्लेव्ह विजेवरचा असेल तर गॅसवर चालणारा एक छोटा उभा ऑटोक्लेव्ह राखीव ठेवा. १२१ अंश, १५ पौंड दाब, गुंडाळलेल्या संचाला ३० मिनिटं. संचावर लावलेल्या चिकटपट्टीवरचे काळे पट्टे म्हणजे उष्णता लागली इतकंच, आतलं निर्जंतुक झालं असं नाही. भिजलेला संच निर्जंतुक नाही, मग तो पुराने भिजलेला असो की वाफेने. पाणी शिरलेल्या कपाटातलं काहीही पुसून वापरायचं नाही.

लोंढा आला की

भूकंपात आणि पुरात येणाऱ्या जखमा मातीने भरलेल्या असतात. नवखे डॉक्टर घाईने टाके घालतात, आणि तीन दिवसांनी ती जखम उघडावी लागते. मळलेली जखम भरपूर धुवून, मेलेला भाग काढून उघडी ठेवावी आणि काही दिवसांनी शिवावी, हा नियम आधीच समितीत ठरवून ड्रेसिंग रूमच्या दारावर लावा. ऐनवेळी सिस्टरने डॉक्टरांना सांगणं अवघड जातं. दारावरचा समितीच्या सहीचा कागद ते काम करतो.

गेटवरच तीन प्रश्न विचारायचे : खोकला-ताप आहे का, जुलाब-उलट्या आहेत का, अंगावर पुरळ आहे का? खोकणाऱ्याला मास्क देऊन हवेशीर बाजूला, व्हरांड्यातही चालेल. जुलाबवाल्यांना वेगळा संडास आणि वेगळी बादली. वेगळी खोली नसेल तर एकाच आजाराचे एकत्र ठेवा, दोन खाटांत निदान एक मीटर सोडून. गोवराचं मूल छावणीतून आलं तर त्याच दिवशी छावणीच्या वैद्यकीय पथकाला फोन करा, लसीकरण आणि 'अ' जीवनसत्त्व तिकडे लागणार आहे.

आणि मृतदेह. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर 'मढ्यांमुळे साथ येणार' अशी हूल उठते आणि ओळख पटवण्याआधीच अंत्यसंस्काराची घाई होते. अपघाती मृत्यू झालेल्यांच्या देहांपासून साथ पसरत नाही. साथ येते ती जिवंत माणसांच्या विष्ठेने, दूषित पाण्याने आणि गर्दीने. उचलणाऱ्यांना हातमोजे, गमबूट आणि नंतर साबण-पाणी एवढं पुरे. त्यामुळे नातेवाइकांना ओळख पटवायला वेळ द्या. तोच प्रकार फवारणीचा. कुणीतरी पुढारी पंप घेऊन येतो आणि माणसांवर, खाटांवर औषध मारायला लागतो. "साहेब, फवारा नको, पुसायला माणसं द्या," असं नम्रपणे पण ठाम सांगायला शिका.

रंगीत तालीम

वर्षातून दोनदा तरी सराव घ्या. एक मृगाच्या आधी, एक नवरात्राच्या तोंडावर. पहिला नुसता टेबलाभोवती बसून. प्रसंग असा मांडा : रात्रीचे दोन वाजलेत. नदीला पूर, लाईट गेलेली, जनरेटरच्या खोलीत गुडघाभर पाणी. वॉर्डात २२ रुग्ण. त्यात एक थुंकीत जंतू असलेला क्षयरुग्ण, दोन ओल्या बाळंतिणी, चार जुलाबाचे. तळमजला अर्ध्या तासात रिकामा करायचाय.

मग प्रश्न, एकामागून एक. क्षयरुग्ण जिन्याने आधी जाणार की शेवटी? वर त्याला कुठे ठेवणार? जुलाबाच्या रुग्णांना वर संडास किती? मास्क कुठे आहेत? स्टोअरमध्ये. किल्ली? स्टोअरकीपरकडे. ते कुठे राहतात? जिल्ह्याच्या गावी, पुलापलीकडे. इथे सगळे हसतात, पण कुणाकडेच उत्तर नसतं. दुसऱ्या दिवशी सीलबंद पाकिटातली दुसरी किल्ली कॅज्युअल्टीत येऊन पडते, आणि तुमच्या तालमीचं पहिलं फळ हेच.

टेबलावरचं जमलं की प्रत्यक्ष. तहसीलदार कार्यालयाला आणि पोलिसांना आधी पत्र द्या, नाहीतर गावात अफवा उठते. निरीक्षक म्हणून शेजारच्या रुग्णालयाची आयसीएन बोलवा. आपल्याच लोकांना आपलं चुकलेलं दिसत नाही. तिला तीन गोष्टी टिपायला सांगा : हात कुठे धुतले गेले नाहीत, मळलेली वस्तू स्वच्छ बाजूला कुठे गेली, आणि कुणाला कशासाठी थांबावं लागलं. तालीम संपल्यावर त्याच तासात सगळ्यांना बसवून बोला, आणि आधी मामा-मावशींना बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे गप्प बसतात. निघालेल्या प्रत्येक त्रुटीसमोर एक नाव आणि एक तारीख लिहा.

पाणी ओसरल्यावर

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे संशयित रुग्ण सापडले, भूकंपाला वर्ष होत आलेलं असताना. ओसाड पडलेल्या गावांतल्या धान्यावर उंदीर पोसले गेले आणि त्यातून हे झालं, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. तो खरा धरा किंवा धरू नका, पण आपत्तीनंतरची नोंदवही तंबू निघाले म्हणून बंद करायची नाही. रोज पाच आकडे : जुलाब, ताप-पुरळ, कावीळ, पाच दिवसांपेक्षा जास्त ताप, आणि चिघळलेल्या जखमा. सोबत गावाचं नाव. एका गावातून एका आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त आले की जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोन, आणि साथरोगांच्या सरकारी आयएचआयपी पोर्टलवर नोंद. गावात उंदीर मरून पडतायत असं कुणी सांगितलं तर तेही त्याच फोनमध्ये.

जिल्हाधिकारी कार्यालयाचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर, रुग्णवाहिका १०८ वर. हे दोन्ही क्रमांक, सीएस साहेबांचा (जिल्हा शल्यचिकित्सक), टँकरवाल्याचा, कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचा आणि गावातल्या इलेक्ट्रिशियनचा, असे सगळे एका कार्डावर लिहून लॅमिनेट करा. मोबाइल चार्ज नसतो तेव्हा तेच कामाला येतं.

पुढचं शिकायचं असेल तर पुण्याच्या यशदामध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र आहे, आणि सरकारी कर्मचाऱ्यांना आयगॉट कर्मयोगी या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या अभ्यासक्रम करता येतात. केंद्र सरकारची २०२० ची संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१६ ची रुग्णालय सुरक्षेची तत्त्वं, दोन्ही छापून फाईलला लावा. प्रशिक्षणाचा अर्ज अधीक्षकांमार्फतच जातो, म्हणून त्याच्यासोबत तालमीतल्या त्रुटींची यादी जोडा. मंजुरी लवकर येते.